वाफेचे भाजणे आणि आपला केसपेपर

भाजलेल्या रुग्णाच्या केसपेपरवर 'कारण' असा एक रकाना असतो. कारखान्यातून आलेल्या रुग्णाच्या बाबतीत तेथे बहुधा 'वाफेने भाजले' एवढेच लिहिले जाते आणि मग किती टक्के, किती खोल, श्वासमार्गाचे काय, या आपल्या नेहमीच्या प्रश्नांकडे सारे वळतात. तापाने फणफणलेल्या रुग्णाचे निदान म्हणून 'ताप' असे लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला आपल्या परीक्षकांनी काय केले असते, हे ज्येष्ठ वाचकांना सांगावयास नको. 'वाफेने भाजले' या शब्दांचे मोल त्याहून अधिक नाही. वाफ कोणत्या नळीतून आली, ती नळी त्या वेळी बंद असावयास हवी होती की चालू, बंद समजून कोणी उघडली, की कोणी न सांगता चालू केली, हे प्रश्न इंजिनिअरांचे आहेत असे आपण मानतो. माझ्या मते ते आपलेही आहेत. एवढेच मला या लेखात मांडावयाचे आहे, आणि ते मांडताना काही स्नेह्यांचा रोष ओढवला तर तोही स्वीकारला पाहिजे.

बडोद्याच्या आसमंतात वाफ ही काही अपूर्वाईची वस्तू नाही. १९६५ मध्ये कोयलीची रिफायनरी सुरू झाली; पुढे नंदेसरी, मकरपुरा, पादरा रस्ता असे कारखान्यांचे पट्टे वाढत गेले. रंग, औषधे, रसायने, कापडावरील प्रक्रिया, कागद, अन्नपदार्थ, यांतील काहीही वाफेवाचून होत नाही. रिॲक्टरच्या जॅकेटमध्ये वाफ, सुकवणीच्या यंत्रात वाफ, थंडीत गोठणारा माल पातळ राहावा म्हणून नळीला गुंडाळलेल्या बारीक नळीतही वाफ. फार दूर कशाला, आपल्या रुग्णालयांतील ऑटोक्लेव्ह आणि धुलाईघर वाफेवरच चालतात. खंडेनवमीला आपले मराठी कारखानदार बॉयलरला झेंडूची माळ घालतात, नारळ वाढवतात, पान्यांना आणि हातोड्यांना हळदकुंकू वाहतात. ही श्रद्धा मला मनापासून आवडते. पूजा मात्र बॉयलरची होते. त्याच्यापासून निघून शेडभर फिरणाऱ्या नळ्यांकडे, त्यांच्या सांध्यांकडे आणि टोकाच्या व्हॉल्व्हकडे वर्षभर फारसे कोणी पाहत नाही. आणि आपल्याकडे येणारे बहुतेक रुग्ण तेथूनच येतात.

वाफ उकळत्या पाण्याहून वेगळी का, हे वैद्यकीय वाचकांना ठाऊक असले तरी स्मरणिका घरोघर जाते म्हणून थोडक्यात सांगतो. १०० अंशांचे एक ग्रॅम पाणी त्वचेवर पडून शरीराच्या तपमानापर्यंत निवते तेव्हा सुमारे ६० कॅलरी उष्णता देते. १०० अंशांचीच एक ग्रॅम वाफ त्वचेवर आली की तिचे आधी पाणी होते आणि त्या रूपांतरातच ती ५४० कॅलरी सोडते. ते पाणी निवताना आणखी ६०. म्हणजे तपमान तेच, पण भाजण्याची शक्ती दसपट. शिवाय कारखान्यातील वाफ १०० अंशांची नसते. कामगार ज्याला 'सात किलो प्रेशर' म्हणतात त्या दाबाला वाफेचे तपमान सुमारे १७० अंश असते. त्याच दाबाखाली नळीत साचलेले पाणीही १७० अंशांचेच असते. सांधा उघडताच त्यातील सातवा-आठवा हिस्सा क्षणार्धात वाफ होऊन उसळतो आणि उरलेले उकळते पाणी बरोबर घेऊन येतो. एका लिटर पाण्याची मोकळ्या हवेत सोळाशे-सतराशे लिटर वाफ होते, हे लक्षात घेतले म्हणजे त्या उसळीचा जोर कळेल. ६० अंशांचे पाणी पाच सेकंदांत आणि ७० अंशांचे एखाद्या सेकंदात त्वचा खोलवर भाजते. येथे हात मागे घेण्यास लागणारा वेळही मिळत नाही.

आणखी एक गोष्ट सामान्य माणसाला चकवते. खरी वाफ दिसत नाही. चहाच्या किटलीच्या तोंडाशी बोटभर जागा मोकळी दिसते आणि पांढरा ढग त्यापुढे सुरू होतो. तो ढग म्हणजे निवून झालेले पाण्याचे थेंब. त्या मोकळ्या बोटभर जागेत वाफ असते. मोठ्या दाबाच्या नळीला भोक पडले तर ही न दिसणारी जागा हातभर असू शकते. आवाज येतो, डोळ्यांना काही दिसत नाही, आणि गळती कोठे आहे हे चाचपण्यासाठी नवखा माणूस हात पुढे करतो. जुने बॉयलरवाले अशा वेळी झाडूचा लांब दांडा पुढे धरीत. त्यांच्या त्या दांड्याला माझा नमस्कार असो, कारण अनेक सुरक्षा-पुस्तिकांपेक्षा त्यात अधिक शहाणपण आहे.

शल्यचिकित्सकांना वाफेची जखम पहिल्या दिवशी फसवते. वरून ती लालसर, थोडी ओलसर, फोड आलेली, साधीच वाटते. तिसऱ्या दिवशी पाहावे तर खालचा थर पांढराफटक झालेला. २०१८ मध्ये स्वित्झर्लंडमधील एम्पा या संस्थेच्या संशोधकांनी डुकराच्या त्वचेवर प्रयोग करून याचा उलगडा केला. वाफ त्वचेच्या बाह्य थरातील सूक्ष्म छिद्रांतून थेट आत शिरते, खालच्या थरात निवते आणि आपली सारी उष्णता तेथे सोडते. मग बाह्य थर फुगून छिद्रे मिटतात. वरचे दार बंद आणि आग घरात, असा हा प्रकार. कपड्यांचेही तसेच. सुती कपड्यातून वाफ आरपार जाते, आतल्या बाजूस निवते आणि ते कडक पाणी कापड अंगाला धरून ठेवते. म्हणून पुष्कळदा उघड्या हातापेक्षा बाहीखालचा हात अधिक खोल भाजलेला आढळतो.

वाफेची बातमी होते ती स्फोट झाला म्हणजे. १ नोव्हेंबर २०१७ रोजी उत्तर प्रदेशातील उंचाहारच्या वीजकेंद्रातील बॉयलरच्या दुर्घटनेत चाळीसहून अधिक माणसे गेली. डिसेंबर २०२१ मध्ये आपल्याच मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत बॉयलर फुटून चार जण दगावले. अशा वेळी वर्तमानपत्रे भरतात, चौकश्या बसतात, आणि ते योग्यच आहे. पण वर्षाच्या उरलेल्या दिवसांत एकेकटा येणारा रुग्ण कोणत्याही बातमीत नसतो. त्याच्या हकीकती विचारून घेण्याची सवय मी काही वर्षांपूर्वी लावून घेतली. त्यांतील तीन येथे सांगतो. कारखान्यांची नावे सांगण्याचे प्रयोजन नाही. त्या कोणत्याही कारखान्यात घडू शकतात.

पहिला एक फिटर, तिशीतला. रिॲक्टरला जाणाऱ्या वाफेच्या नळीचे गॅस्केट गळत होते. हेडरवरचा व्हॉल्व्ह बंद केला होता, गेजचा काटा शून्यावर होता, आणि पर्यवेक्षकाने 'लाईन बंद आहे, घे उघडून' असे सांगितले होते. व्हॉल्व्ह बंद होता हे खरे, पण त्याची बैठक झिजली होती, म्हणजे त्यांच्या भाषेत तो 'पास' होत होता. गेजची बारीक नळी गाळाने तुंबलेली, म्हणून काटा शून्यावर. आणि नळीच्या खोलगट भागात पाणी साचून राहिले होते, कारण ते काढून टाकण्याचा छोटा नळ त्या जागी बसवलेलाच नव्हता. फिटरने समोरचे बोल्ट आधी सैल केले. छाती, दोन्ही हात आणि हनुवटीच्या खालची बाजू. तो वाचला. डाव्या कोपराची आकसलेली त्वचा सोडवण्यासाठी पुढे दोनदा शस्त्रक्रिया करावी लागली, आणि पाना फिरवण्यासाठी लागणारा हाताचा झोक त्याला परत मिळाला नाही.

दुसरा, ड्रम धुणारा एक पोरसवदा मजूर. पाण्यासाठी आणलेला रबरी होज वाफेच्या नळाला तारेने बांधून ड्रममध्ये वाफ सोडली जात असे. रबर उष्णतेने मऊ झाले, तार निसटली आणि होज सापासारखा वळवळत त्याच्या पोटऱ्यांवर फिरला. तिसरी एक बाई. ती तर वाफेच्या कामावर नव्हतीच. शेडच्या मागील उघड्या गटारावरून विटा वाहत असताना बॉयलरचे ब्लोडाऊन त्याच गटारात सोडण्यात आले. ब्लोडाऊनची वेळ ठरलेली होती. ती बॉयलरवाल्याला माहीत होती आणि कारखान्याच्या नोंदवहीत लिहिलेली होती. बाई त्या दिवशी प्रथमच ठेकेदाराबरोबर आली होती.

या तिन्ही हकीकतींच्या शेवटी कारखान्याच्या अहवालात एकच शब्द होता: निष्काळजीपणा. वैद्यकात ज्याचे कारण कळत नाही त्याला भारदस्त नाव देऊन मोकळे होण्याची एक जुनी रीत आहे. 'निष्काळजीपणा' हे कारखान्यातील तसलेच नाव. वरील फिटर निष्काळजी होता काय? त्याने विचारले होते, काटा पाहिला होता, सांगितलेले ऐकले होते. त्याच्या हातून जे राहिले ते त्याच्या हातात नव्हते. पुष्कळ छोट्या कारखान्यांत हेडरवरून एकच व्हॉल्व्ह चार यंत्रांना वाफ देतो. एक सांधा दुरुस्त करावयाचा तर चारही यंत्रे थांबवावी लागतात, आणि रिॲक्टरमधील माल अर्ध्यावर थांबला तर लाखो रुपये वाया जातात. म्हणून 'जरा दाब कमी करून' काम उरकण्याचा मोह होतो. हा मोह मालकाचा, पर्यवेक्षकाचा आणि पाळी संपवून घरी जाऊ इच्छिणाऱ्या कामगाराचाही. प्रत्येक फाट्याला स्वतंत्र व्हॉल्व्ह आणि प्रत्येक सखल जागी पाणी काढण्याचा नळ असता, तर त्या मोहाला कारणच उरले नसते. नळी टाकताना वाचवलेल्या एका व्हॉल्व्हची किंमत पुढे कोणाच्या तरी कोपरावर वसूल होते.

मग करावयाचे काय, हे इंजिनिअर मित्रांकडून मी पुन्हा पुन्हा समजून घेतले आहे. त्यात गूढ असे काही नाही. व्हॉल्व्ह बंद करून त्याच्या चाकाला साखळी आणि कुलूप. किल्ली काम करणाऱ्याच्या खिशात, पर्यवेक्षकाच्या टेबलावर नव्हे. दोघे काम करत असतील तर दोन कुलपे. एका व्हॉल्व्हवर विश्वास ठेवावयाचा नाही: एकामागे एक दोन बंद करून मधला छोटा नळ उघडा ठेवावयाचा, म्हणजे पहिला पास होत असला तर वाफ त्या नळातून बाहेर येते, माणसाच्या अंगावर येत नाही. ते जमत नसेल तर सांध्यात आंधळी चकती बसवावयाची. काट्यावर विसंबावयाचे नाही. खालचा नळ उघडून काही येत नाही हे डोळ्यांनी पाहावयाचे, आणि तो नळ तुंबलेला नाही याचीही खात्री करावयाची. नळी निवू द्यावयाची. बोल्ट सैल करताना एका कडेस उभे राहून आपल्यापासून दूरचा बोल्ट आधी, तोही थोडासाच, म्हणजे आत काही उरले असले तर ते पलीकडे निघेल. या शेवटच्या गोष्टीला एक पैसा लागत नाही, आणि तरीही ती मी विचारलेल्या फिटरांपैकी थोड्यांनाच कोणी मुद्दाम शिकवलेली होती.

नळी पुन्हा चालू करतानाही तितकेच जपावे लागते. थंड नळीत पाणी साचलेले असते; व्हॉल्व्ह एकदम उघडला तर वाफ त्या पाण्याचा गोळा पुढे ढकलते आणि तो वळणावर घणासारखा आदळतो. या आघाताने सांधे उसवतात, प्रसंगी व्हॉल्व्हचे ओतीव अंगही तडकते. म्हणून आधी पाणी काढावयाचे, मग व्हॉल्व्ह किंचित उघडून नळी तापू द्यावयाची, आणि मग सावकाश पुढे. घाई असलेल्या पाळीत नेमके हेच गाळले जाते.

हातमोजे, चेहऱ्यावरचे कवच, ॲप्रन ही साधने मी मुद्दाम शेवटी घेतो, कारण कारखान्यांत त्यांनाच पहिले स्थान मिळते. फोटोत ती छान दिसतात. पण साधा कातडी किंवा सुती मोजा ओला झाला की उष्णता अडवण्याऐवजी पोचवू लागतो, आणि सुती ॲप्रनमधून वाफ कशी जाते हे वर सांगितलेच आहे. वाफेपासून वाचवणारा पोशाख वाफ आत न शिरू देणारा आणि आतून उष्णतारोधक असा दुहेरी लागतो. तो बडोद्याच्या मे महिन्यात तासभर घालून काम करणे म्हणजे दुसऱ्याच आजाराला, उष्माघाताला, आमंत्रण. पोशाख घालावा, पण कुलपाच्या ऐवजी नव्हे.

कायद्याचे काय, असे विचारले जाईल. १८६३ मध्ये कलकत्त्यात बॉयलर फुटून माणसे दगावली, त्यातून १८६४ चा बंगालपुरता कायदा झाला. पुढे १९२३ मध्ये साऱ्या देशाला लागू झालेला बॉयलर कायदा आला, आणि २०२५ मध्ये त्याची जागा नव्या बॉयलर कायद्याने घेतली. बॉयलरची तपासणी होते, प्रमाणपत्र मिळते, ते भिंतीवर काचेत लावले जाते. या व्यवस्थेने पुष्कळ जीव वाचवले आहेत यात शंका नाही. पण २५ लिटरांहून लहान पात्रे या कायद्याच्या व्याख्येत येत नाहीत. आणि निरीक्षक निघून गेल्यावर मंगळवारी रात्रीच्या पाळीत सांधा कोणी कसा उघडला, हे कोणतेही प्रमाणपत्र सांगू शकत नाही. ती जबाबदारी कारखान्याच्या रोजच्या शिस्तीची आहे. तेथे बाहेरचा म्हणून ज्याची नजर पोचते असा एकच माणूस असतो, आणि तो म्हणजे जखम पाहणारा डॉक्टर.

आता अवघड मुद्द्याकडे येतो. जुन्या कारखाना कायद्यात, ४८ तास वा अधिक काळ कामावर जाता येऊ नये अशी इजा झाल्यास ती कळवण्याचे बंधन होते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याची जागा घेणाऱ्या श्रमसंहितेतही अपघात कळवण्याचे बंधन आहेच. यातून डॉक्टरांवर एक दडपण येते, आणि आपल्यापैकी ज्यांचा कारखान्यांशी संबंध आहे त्यांना ते नवे नाही. कारखान्याचा माणूस रुग्णाबरोबर येतो, बिल भरण्याची हमी देतो, मग नम्रपणे सुचवतो की, 'डॉक्टरसाहेब, घरी गरम पाणी सांडले असे लिहिले तर सगळ्यांनाच सोयीचे होईल.' कधी रुग्ण स्वतः तसेच सांगतो. त्याला नोकरी टिकवायची असते. कधी 'विश्रांती एकच दिवस' असे प्रमाणपत्र मागितले जाते. माझ्याकडे ही मागणी एकाहून अधिक वेळा आलेली आहे, आणि ती करणारी माणसे दुष्ट नव्हती. एकाने तर रुग्णासाठी स्वतः रक्त दिले होते.

पण त्या एका वाक्याने काय होते पाहा. कामावर झालेल्या इजेबद्दल मिळणारी भरपाई आणि कायम अपंगत्वाचा लाभ 'ही इजा कामावर झाली' या नोंदीवर उभा असतो. 'घरी गरम पाणी' लिहिले की कोपर आखडलेल्या फिटरला ते पुढे कोणत्याही दारी सिद्ध करणे कठीण जाते. आणि तो झिजलेला व्हॉल्व्ह? तो अपघात झालाच नाही म्हटल्यावर बदलावयाचा कशाला? पुढचा फिटर त्याच सांध्याशी उभा राहतो. म्हणून केसपेपरवरील खोटे कारण ही कोणावर केलेली मेहेरबानी ठरत नाही, मग ती कितीही गयावया करून मागितलेली असो. वाफेच्या जखमेची खूण आणि सांडलेल्या पाण्याची खूण सहसा निराळी असते. पाणी ओघळत खाली उतरते, वाफेचा झोत एका बाजूने मारतो. आपल्याला ते कळते. जे कळते ते लिहावे, आणि रुग्ण जे सांगतो तेही त्याच्या शब्दांत वेगळे लिहावे.

यावर एका स्नेही डॉक्टरांनी मला ऐकवले की, आपले काम उपचाराचे; पोलिसाचे काम आपण अंगावर घेतले तर कारखानेवाले रुग्णाला आपल्याकडे आणण्याऐवजी लांबच्या रुग्णालयात नेतील आणि त्यात रुग्णाचेच नुकसान होईल. हा आक्षेप पोकळ नाही. एकट्या डॉक्टराने हे केले तर तसे होईलही. म्हणूनच हा विषय मी मंडळाच्या स्मरणिकेत लिहितो आहे: साऱ्यांनी एकसारखे लिहावयाचे ठरवले, तर लांब नेऊन काही साधणार नाही. या स्मरणिकेच्या मागील पानांवर कारखान्यांच्या जाहिराती आहेत, त्यांच्या मदतीनेच ती छापली जाते, हेही मी विसरलेलो नाही. त्या जाहिरातदारांपैकी पुष्कळ जण आपलेच, शेजारपाजारचे, एकाच गणेशोत्सवात आरतीला उभे राहणारे आहेत. त्यांना हे समोरासमोर सांगता येते, ही आपल्या छोट्या समाजाची सोय आहे. १८५४ मध्ये लंडनला जॉन स्नोने पटकीच्या रोग्यांची घरे नकाशावर मांडली आणि पंपाचा दांडा काढण्याचा आग्रह अधिकाऱ्यांकडे धरला, तेव्हा तोही उपचाराच्या पलीकडेच गेला होता.

प्रथमोपचाराबद्दल लिहिल्यावाचून राहवत नाही, कारण त्यातील अज्ञान अजूनही थक्क करते. भाजलेल्या भागावर वाहते थंड पाणी, पूर्ण २० मिनिटे. लगेच जमले नाही तरी पहिल्या तीन तासांपर्यंत त्याचा उपयोग असतो. बर्फ नको. टूथपेस्ट, हळद, शाई, पिवळे मलम काहीही नको. ओले कपडे, घड्याळ, अंगठी, कडे ताबडतोब काढावे. त्वचेला चिकटलेला तुकडा मात्र ओढू नये. भाजणे मोठे असेल तर उरलेले अंग झाकून उबदार ठेवावे. मग स्वच्छ चादर गुंडाळून रवाना. चेहऱ्यावर वाफ आली असेल, बंद जागेत वाफ कोंडली असेल, आवाज घोगरा झाला असेल, तर जखम लहान दिसली तरी थांबू नये. कोरडी गरम हवा बहुधा घशापर्यंतच इजा करते. वाफ आपली उष्णता फुप्फुसाच्या वाटेवर खोल नेऊ शकते, आणि सूज पुढच्या काही तासांत वाढत जाते. आपल्या तरुण सहकाऱ्यांनी अशा रुग्णाच्या श्वासमार्गाची व्यवस्था तो व्यवस्थित बोलत असतानाच करून ठेवावी.

रसायनाच्या कारखान्यांत अंग धुण्याचे आपत्कालीन फवारे असतात. तेच येथे उपयोगी पडतात. पण एका उन्हाळ्यात एका कारखान्यात मी दुपारी दोन वाजता तो फवारा सहज चालू करून पाहिला, तर हात धरवेना इतके पाणी तापलेले होते. टाकी गच्चीवर, नळी उन्हात. भाजलेल्या माणसाला आपण त्याखाली उभे केले असते! टाकीवर छप्पर आणि नळीला सावली, एवढेच त्यांना करावे लागले.

मंडळापुढे माझी सूचना अशी आहे. भाजलेल्या औद्योगिक रुग्णासाठी अर्ध्या पानाची एक समान नोंद आपण सर्वांनी वापरावी: वाफ की गरम पाणी, कोणत्या नळीतून, तिचा दाब किती, ती बंद केली होती काय आणि कशाने, पाणी किती वेळ ओतले, रुग्ण कायम नोकर की ठेकेदाराचा. वर्षाच्या शेवटी या नोंदी रुग्ण आणि कारखाना यांची नावे गाळून एकत्र वाचाव्यात, आणि त्या वाचनाला दोन-तीन अनुभवी फिटर व बॉयलरवाले बोलवावेत, श्रोते म्हणून नव्हे तर बोलण्यासाठी. सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये कलाभवन काढले ते हाताने काम करणाऱ्याला त्याचे शास्त्र त्याच्या भाषेत मिळावे म्हणून. आज आपल्या कारखान्यांतील वर्क परमिट इंग्रजीत असते, आणि ते ज्याच्या हाती दिले जाते तो दाहोदचा, झाबुआचा किंवा ओडिशाचा असतो. व्हॉल्व्हच्या कुलपावर लटकवावयाच्या पाट्या गुजराती आणि हिंदीत, चित्रासह, मंडळाने छापून द्याव्यात. तो खर्च स्मरणिकेच्या एका पानाहून अधिक येणार नाही. पाटीवर फार काही लागत नाही: 'माणस काम करे छे, वाल्व खोलशो नहीं', आणि खाली काम करणाऱ्याचे नाव. सुरुवात आपापल्या रुग्णालयाच्या ऑटोक्लेव्हपासून करावी. त्याचे दार दाब पूर्ण उतरल्यावाचून उघडत नाही ना, सेफ्टी व्हॉल्व्हच्या तोंडाशी कोणी उभे राहत नाही ना, आणि रात्रपाळीच्या आयाबाईंना हे कोणी दाखवले आहे काय, एवढे येत्या खंडेनवमीच्या आत ज्याने त्याने पाहून घ्यावे.